सुटं मिळणार नाही

आमच्या वाडीतल्या दुकानात आजही पावशेर गोडं तेल मिळतं. रिकामी बाटली घेऊन जायचं, दुकानदार नरसाळं लावून मापाने ओतून देतो. पाच रुपयांची चहापत्तीची पुडी मिळते, एक अंडं मिळतं. ज्याच्या खिशात आज वीसच रुपये आहेत त्याला वीस रुपयांचं सामान मिळतं. "पंधरा किलोचा डबा घ्या, किलोमागे स्वस्त पडतो," असं सांगून दुकानदार कुणाला परत पाठवत नाही. पाठवलं तर गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जाईल, हे त्याला ठाऊक आहे.

त्याच दुकानात रिचार्जही मारून मिळतो. तिथे मात्र सुटं मिळणं कधीच बंद झालं.

मोबाइलचे दर वाढले की दरवेळी एकच उत्तर तोंडावर फेकलं जातं: भारतात डेटा जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ओरड झाली तेव्हा केंद्र सरकारनंही पत्रक काढून हेच सांगितलं. आणि हे खोटं नाही. जीबीमागे हिशेब केला तर आपण खरंच स्वस्तात आहोत. पण हा डब्याच्या भावाचा हिशेब झाला. मला विचारायचं आहे ते पावशेराबद्दल. या देशात एक फोन नंबर नुसता जिवंत ठेवायला आज कमीत कमी किती पैसे लागतात, आणि ती रक्कम कोण ठरवतं?

आत्याचं उदाहरण देतो. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. सिम 'लाइफटाइम'चं. २००५-०६ च्या सुमारास कंपन्यांनी ९९९ रुपये एकदाच भरा आणि जन्मभर इनकमिंग घ्या, असं सांगून ही कार्डं विकली होती. आत्यानं भात विकून आलेल्या पैशांतून ते घेतलं. त्या काळी वाडीत सगळ्यांचं चालायचं तसं तिचंही मिस कॉलवर चालायचं. एक मिस कॉल म्हणजे पोचले, दोन म्हणजे फोन कर. दहा रुपयांचा टॉकटाइम तिला दोन महिने पुरायचा. मग २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली: २८ दिवसांसाठी ३५ रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग बंद, काही दिवसांनी इनकमिंगही बंद. 'लाइफटाइम' हा शब्द कुणाच्या आयुष्याबद्दल होता ते त्या दिवशी कळलं. आत्या म्हणाली, "पस्तीस रुपये? मी बोलते तरी कुठे एवढी?" तिनं भरले.

त्या ३५ चं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. एअरटेलचा २८ दिवसांचा सर्वांत खालचा प्लॅन नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९ रुपयांवर होता. तो बंद होऊन १५५ चा आला, तोही २८ ऐवजी २४ दिवसांचा. जुलै २०२४ पासून २८ दिवसांना १९९. सहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत ३५ वरून १९९, म्हणजे साडेपाच पटींहून जास्त. आता कुणी म्हणेल, ३५ मध्ये मोजकाच टॉकटाइम होता आणि १९९ मध्ये अमर्याद कॉल आणि वर २ जीबी डेटा आहे. सामान वाढलं म्हणून किंमत वाढली. मान्य. पण आत्याला ते सामान नको होतं. तिच्या फोनवर इंटरनेट चालतच नाही. तिला पावशेर हवं होतं आणि दुकानानं पावशेराचं मापच काढून टाकलं.

या प्लॅनमध्ये आपण नेमके कशाचे पैसे भरतो, याचा पुरावा कंपन्यांनीच एकदा नकळत देऊन टाकला. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं नियम केला की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन ठेवा. जानेवारीत ते आले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ५०९ रुपयांचा प्लॅन होता, त्यात ६ जीबी डेटा होता. डेटा काढून टाकला आणि किंमत केली ४९९. दहा रुपये कमी! सहा जीबीचे दहा रुपये. जिओनंही असाच प्लॅन ४५८ ला आणला. आधीचा डेटासकटचा ४७९ चा होता. मग आरडाओरडा झाला, ट्रायनं दर तपासू म्हटल्यावर दोघांनी थोडं उतरवलं: एकाचा ४६९, दुसऱ्याचा ४४८. हिशेब उघड आहे. डेटा काढून दहा रुपये कमी होत असतील तर उरलेले ४९९ कशाचे? ते नंबर जिवंत ठेवण्याचं भाडं आहे.

आणि हे भाडं टाळता येत नाही. पूर्वी फोन परवडला नाही तर माणूस फोनशिवाय जगायचा. आज बँक, आधार, गॅस, रेशन, पीकविमा, सगळीकडे ओटीपी. ज्याचा नंबर बंद, तो माणूस कागदावर असून नसल्यासारखा. २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिना १,५०० रुपये. जिओनं दरवाढ जाहीर केली ती आदल्या दिवशी, एअरटेलनं त्याच दिवशी. योगायोग आहे, मी त्यात काही शोधत नाही. पण पुढे त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली, तेव्हा बाईच्या आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरवर दुसरा ओटीपी, असा प्रकार सुरू झाला. १९९ चा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा मारावा लागतो, कारण टेलिकॉमचा महिना २८ दिवसांचा. एका नंबरचे झाले २,५८७ रुपये, दोन नंबरांचे ५,१७४. म्हणजे वर्षाच्या बारा हप्त्यांतले जवळपास साडेतीन हप्ते नुसते फोन चालू ठेवण्यात जातात. एकदम वर्षाचे १,८४९ भरायची ऐपत असेल तर कॉल-एसएमएसचा ३६५ दिवसांचा प्लॅन आहे, तो सातशेहून अधिक रुपयांनी स्वस्त पडतो. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत, त्यानं जास्त भरायचं.

(२८ दिवसांच्या महिन्यावर ट्रायनं २०२२ च्या जानेवारीत आदेश काढला होता की प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी ३० दिवसांचा प्लॅन ठेवावा. ठेवला. कुठल्या कोपऱ्यात ठेवला ते ॲपमध्ये शोधून बघा.)

हे सगळं शक्य कसं झालं? मुंबईत मोबाइलची सुरुवातीची वर्षं ज्यांना आठवतात, त्यांना ऑरेंज, बीपीएल आणि एमटीएनएलचं डॉल्फिन आठवत असेल. आयडियाचं तर महाराष्ट्र माहेर. बिर्ला-एटीअँडटी या नावानं ती आपल्याकडे आणि गुजरातेत सुरू झाली. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला तेव्हा मिनिटाचा दर १६ रुपयांच्या घरात होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. तिथून दर खाली आले ते कुणाच्या दयेनं नाही. १९९९ मध्ये सरकारनं जबर परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याचं धोरण स्वीकारलं, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी रिलायन्स इन्फोकॉमनं ५०१ रुपयांत फोन हातात दिला, २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदावर बिल लावलं आणि बाकीच्यांना झक मारत मागे यावं लागलं. २०१० च्या सुमारास एकेका सर्कलमध्ये, म्हणजे साधारण एका राज्याएवढ्या सेवाक्षेत्रात, दहा-बारा कंपन्या होत्या. एवढ्या कंपन्या टिकणार नव्हत्या हेही खरं. त्यातले काही परवाने टू-जी घोटाळ्यात कसे वाटले गेले ते सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि मार्च २०१७ पर्यंत फुकट वाटत राहिलं. आपण रांगा लावल्या. मीही लावली, दोन तास उभा होतो. फुकटच्या त्या सहा-सात महिन्यांनी जे झालं ते पुढच्या तीन वर्षांत दिसलं: रिलायन्स कम्युनिकेशन्स बंद, एअरसेल दिवाळखोरीत, टेलिनॉर आणि टाटाचा मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल. आता ग्राहकांपैकी साधारण चाळीस टक्के जिओकडे, एक तृतीयांश एअरटेलकडे. तिसरी कंपनी कर्जाखाली दबलेली. बोलीभाषेत सांगायचं तर अडीच कंपन्या.

अडीच कंपन्यांच्या बाजारात दर कसे वाढतात ते तारखांवरून बघा. १ डिसेंबर २०१९: तिन्ही कंपन्यांच्या घोषणा एकाच दिवशी. नोव्हेंबर २०२१: २२ ला एअरटेल, २३ ला व्होडाफोन आयडिया, २८ ला जिओ. जून २०२४: २७ ला जिओ, २८ ला बाकी दोघे. ऑगस्ट २०२५ मध्ये तर दर न वाढवताच वाढले. रोज १ जीबीचा २४९ चा प्लॅन जिओनं ॲपवरून काढला आणि दोन दिवसांच्या अंतरानं एअरटेलनं तो बंदच केला. त्याच्या वरची पायरी २९९ ची. यावरून 'संगनमत' म्हणून ओरडणं सोपं आहे, पण मी ते म्हणणार नाही, कारण संगनमताची गरजच नाही. दहा कंपन्या असताना एकानं दर वाढवले की बाकीचे नऊ त्याचे ग्राहक पळवायला टपलेले असत. दोनच उरल्या की पळवण्यापेक्षा मागोमाग वाढवण्यात दोघांचाही फायदा. त्यासाठी कुठल्या हॉटेलात बसून ठरवावं लागत नाही. एकमेकांची जाहिरात वाचली की पुरतं. कायद्याच्या पुस्तकात याला गुन्हा म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हे काम पोलिसी पद्धतीचं नसून नियामकाचं आहे.

नियामकांनी काय केलं याची कथा अशी. जिओच्या फुकट वाटपाविरुद्ध एअरटेल स्पर्धा आयोगाकडे गेली. जून २०१७ मध्ये आयोगानं तक्रार फेटाळली, कारण नव्यानं आलेली कंपनी बाजारावर वर्चस्व असलेली कशी म्हणायची? फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रायनं गळेकापू दरांविरुद्ध नियम केला, पण तो लागू ३० टक्क्यांहून जास्त वाटा असलेल्यांनाच. म्हणजे जे मार खात होते त्यांना बांधायचं आणि जो मारत होता तो मोकळा. दूरसंचार लवादानं तो नियम त्याच डिसेंबरात रद्द केला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की टेलिकॉममधल्या अशा तक्रारींवर आधी ट्रायनं निर्णय द्यावा, मग स्पर्धा आयोगानं बघावं. तोवर खेळ संपला होता. आणि डिसेंबर २०१९ मध्ये, पहिली मोठी दरवाढ झाल्याबरोबर, ट्रायनं चर्चापत्र काढलं: मोबाइल सेवेला किमान दर ठरवून द्यावा का? किमान! ग्राहक कमाल किमतीची वाट बघत होता. तो किमान दर शेवटी ठरवला गेला नाही, पण गरजही उरली नव्हती. कंपन्यांनी तो आपापसात न बोलता ठरवून टाकला होता.

कंपन्यांची बाजू मला पूर्णपणे खोटी वाटत नाही. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात त्यांनी दीड लाख कोटींचं स्पेक्ट्रम (मोबाइलसाठीच्या रेडिओलहरींचे पट्टे) घेतलं, टॉवर उभारले. दर ग्राहकामागे मिळणारं महिन्याचं सरासरी उत्पन्न बराच काळ फारच कमी होतं, आणि त्या पैशांत चांगलं जाळं उभं राहत नाही, हे एअरटेलचे सुनील मित्तल वर्षानुवर्षं सांगत आले. पण ज्या माणसाला रोज २ जीबी लागतो, जो प्रवासात क्रिकेट बघतो, त्याच्याकडून जास्त घ्या की. माझ्याकडून घ्या. वाढ खालच्या टोकाला सर्वांत जास्त का? कारण वरच्या टोकाचा ग्राहक पोर्ट करून, म्हणजे नंबर तोच ठेवून, दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो, त्याच्याकडे घरी ब्रॉडबँड आहे, पर्याय आहे. खालच्या टोकाचा कुठे जाणार?

आमच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते. दुसरीची यायची असेल तर देवळामागच्या सड्यावर चढावं लागतं. नंबर पोर्टेबिलिटी जानेवारी २०११ पासून देशभर आहे, पण पोर्ट करून सड्यावर राहायला कुणी जात नाही. पोर्टेबिलिटीचा हक्कसुद्धा इतका कुरतडला गेला होता की स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएस दिलेलेच नसत, आणि पोर्ट करायचं तर १९०० ला एसएमएस पाठवावा लागतो! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला आदेश काढून सांगावं लागलं की कुठलाही प्लॅन असला तरी हा एक एसएमएस जाऊ द्या. दार उघडं आहे, फक्त कडी आतून आमच्या हातात, असा तो कारभार.

आता या सगळ्यात सरकार कुठे उभं आहे? मला वाटतं दुखणं इथेच आहे. स्पेक्ट्रम विकणारं सरकार. कंपनीच्या उत्पन्नातून आठ टक्के परवाना शुल्क घेणारं सरकार. रिचार्जवर १८ टक्के जीएसटी घेणारं सरकार. २९९ च्या रिचार्जमधले पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसे त्याचे. बीएसएनएलचं मालक सरकार. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या निकालानंतर कंपन्यांवर जे थकबाकीचे डोंगर आले त्यांचं सावकार सरकार. आणि व्होडाफोन आयडियाच्या थकबाकीचे शेअर करून घेत एप्रिल २०२५ पासून त्या कंपनीतलं जवळजवळ ४९ टक्के भांडवल असलेलं सरकार. यातली कुठलीही टोपी घातली तरी दर वाढले की सरकारचा फायदाच. दर वाढले की शुल्क वाढतं, कर वाढतो, बुडीत कंपनी तरंगते, आपल्या शेअरची किंमत सावरते. यात कट नाही. फक्त ज्या टेबलावर दर ठरतात तिथे कमी दर हवा असलेला कुणीही बसलेला नाही.

बीएसएनएल हे काम करू शकली असती. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका महिन्यात २९ लाखांच्या आसपास ग्राहक तिच्याकडे आले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक घटले. लोकांनी पायांनी मतदान केलं. पण येऊन बघतात तर बहुतेक ठिकाणी फोर-जी नाही. एअरटेलनं देशात फोर-जी सुरू केलं २०१२ साली. बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं २७ सप्टेंबर २०२५ ला. तीन पुनरुज्जीवन पॅकेजेस मिळून तीन लाख कोटींहून जास्त रुपये ओतल्यानंतर. आलेल्यांतले काही लोक काही महिन्यांत परत गेले. सरकारी कंपनी म्हणजे कामचुकार, असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही. तिला वेळेवर स्पेक्ट्रम आणि यंत्रसामग्री न देण्याचे निर्णय वर बसलेल्यांचे होते. कोकणात, मेळघाटात, जिथे दुसरं कुणी टॉवर उभारत नाही तिथे आजही बीएसएनएल हाच आधार आहे. तो टॉवर वीज गेली की तासाभरात झोपतो, ही गोष्ट वेगळी.

नवी कंपनी आणा म्हणणं व्यर्थ आहे. एवढं भांडवल घेऊन चौथा कुणी येणार नाही. दुसऱ्याचं जाळं भाड्यानं घेऊन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना परवाने द्यायची सोय २०१६ पासून कागदावर आहे, पण मोठ्या कंपन्यांवर जाळं भाड्यानं देण्याची सक्ती नसल्यामुळे ती कागदावरच राहिली. आपल्याच बाजारात स्वस्त विकणाऱ्याला माल कोण देईल?

म्हणून माझी मागणी लहान आहे. इनकमिंग, ओटीपी आणि महिन्याला थोडे कॉल, एवढंच असलेला एक प्लॅन प्रत्येक कंपनीनं ठेवायचा, त्याचा दर ट्रायनं ठरवायचा आणि त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. बाकी सगळे प्लॅन कंपन्यांनी हवे तसे विकावेत. ट्रायला हा अधिकार नाही असं कुणी सांगितलं तर ट्राय कायद्याचं कलम ११(२) वाचायला द्या. दर ठरवायचा अधिकार पहिल्यापासून तिथे आहे. दर ठरवण्यापासून हात आवरून बसणं हे ट्रायचं धोरण आहे, बंधन नाही, आणि दहा-बारा कंपन्या असताना ते धोरण शहाणपणाचं होतं. गावात दहा दुकानं असतात तेव्हा तेलाच्या मापावर लक्ष ठेवायला कुणी लागत नाही.

यामुळे कंपन्या बुडतील हे मला पटत नाही. असा प्लॅन घेणारा माणूस जाळ्यावर भार टाकतच नाही. तो फारसे कॉल करत नाही, व्हिडिओ बघत नाही. महिन्याला चार ओटीपी आणि मुलाचे दोन फोन. डेटा काढून दहा रुपये कमी करणाऱ्यांनीच सांगितलंय की त्यांचा खर्च सामानावर फारसा अवलंबून नाही. जिओनं ऑगस्ट २०२५ मध्ये शेअर बाजारात उतरण्याचा मानस जाहीर केला होता, आणि बाजारात उतरणाऱ्या कंपनीला ग्राहकामागचं उत्पन्न वाढतं दाखवायचं असतं. म्हणजे खालची पायरी आणखी वर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याआधी हा आदेश निघाला तर बरं.

आत्याचा रिचार्ज आता मी पुण्याहून यूपीआयनं मारतो. दर अठ्ठावीस दिवसांनी मोबाइलवर आठवण येते, अंगठा टेकवतो, झालं. गेल्या गणपतीत घरी गेलो तर तिनं साडीच्या कनवटीतून घडी केलेल्या नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या, फोनचे म्हणून. वर्षाचे हिशेबानं मोजलेले होते, तेरा वेळा पस्तीस. चारशे पंचावन्न. मी घेतले, काही बोललो नाही.